बातमीच्या तासाला मी जे शिकवलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं काय असतं ते तिला ओळखणाऱ्यांना विचारा. दोन-तीनदा बोलायला गेलो. एकदा तर सुरुवातही केली, "आपल्या शाळेत खिचडी करायच्या त्या अक्का आठवतात का?" ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "हो, काय झालं त्यांना?" आणि मी म्हणालो, "काही नाही, लातूरला दिसल्या होत्या." झालं, संपला विषय. एवढंच धाडस माझ्यात आहे. तुम्हाला सांगायला बसलोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. हे कारणही काही फार बरं नाही, पण खरं आहे.

कुठून सुरू करू? आधी स्वतःची चांगली बाजू सांगावीशी वाटते, बघा. ही माझी जुनी खोड. पण ती बाजू सांगितल्याशिवाय पुढचं कळणारही नाही.

मी देगलूरच्या एका खासगी संस्थेच्या शाळेत शिक्षक आहे. मराठी आणि इतिहास, पाचवी ते आठवी. सव्वीस वर्षं झाली. लोक मला चांगला मास्तर म्हणतात, आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते ऐकायला आवडतं. कोरोनानंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की वर्गात आता मी एकटा शिकवत नाही. लेकरांच्या हातात फोन आले होते आणि फोनमधून कुणीतरी रात्रंदिवस शिकवत होतं. सातवीतला एक मुलगा इतिहासाच्या तासाला उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पुस्तकात खोटं लिहिलंय, आमच्या काकाच्या ग्रुपवर खरं आलंय." मी त्याला खाली बसवलं. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

मग मी दर शनिवारी शेवटचा तास बातमीचा ठेवला. आमच्याकडे रोज परिपाठात एक मूल पेपरातल्या बातम्या वाचून दाखवतं — ठणठणीत आवाजात, एका दमात, आणि ऐकणारं कुणी नाही. मी म्हटलं, वाचणं पुरे, आता विचारायला शिका. फळ्यावर चार प्रश्न लिहून दिले. हे कोण सांगतंय? यात फायदा कुणाचा? कुणाला विचारलंच नाही? आणि हे वाचून आपल्याला राग यावा, भीती वाटावी, की आनंद व्हावा, असं सांगणाऱ्याला वाटतंय? प्रत्येकानं आठवड्याला एक कात्रण किंवा एक मेसेज आणायचा आणि त्याला हे चार प्रश्न विचारायचे.

काय मजा यायची म्हणून सांगू! एका पोरीनं लातूरच्या दोन कोचिंग क्लासच्या जाहिराती शेजारी शेजारी चिकटवून आणल्या. दोन्हींत पहिला आलेला मुलगा एकच, शर्टही तोच. वर्ग हसून हसून लोळला. एका पुराचा व्हिडिओ आमच्याच भागातला म्हणून गावभर फिरत होता. एका मुलानं तो व्हिडिओ थांबवून मागच्या दुकानाची पाटी दाखवली. म्हणाला, "सर, ही मराठी न्हाई, तेलुगू न्हाई, कानडीबी न्हाई. मग हे आपलं गाव कसं?" आमच्या सीमेवरच्या लेकरांना एवढं तर कळतंच. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं ते. आसपासच्या शाळांच्या शिक्षण परिषदेत मला या उपक्रमाबद्दल बोलायला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. मी खूश होतो.

या सगळ्यांत पुढे होती वैष्णवी. सातवीत, बारकी, शाळेच्या नियमाप्रमाणे दोन वेण्या, आणि प्रत्येक वाक्य "पण सर" असं सुरू करणारी. मी काही सांगितलं की हात वर. पण सर, हे त्या माणसाला कुणी सांगितलं? पण सर, फोटो कुणी काढला? दुसऱ्या शिक्षकांना तिचा वैताग यायचा. मला नाही यायचा. असं एखादं लेकरू वर्गात असलं की आपण कशासाठी शिकवतो ते कळतं. तिची आई म्हणजेच चंद्रकला अक्का, आमच्या शाळेत खिचडी करणाऱ्या. वडील गवंडीकामाला हैदराबादकडे. कधी यायचे, कधी नाही. आई स्वयंपाकघरात आणि लेक वर्गात, मध्ये फक्त मैदान.

ही झाली माझी चांगली बाजू. आता दुसरी.

बारा-तेरा वर्षांपासून मी नांदेडहून निघणाऱ्या एका दैनिकाला बातम्या देतो. नाव येत नाही, 'वार्ताहर' एवढंच येतं. नोकरी करताना हे करू नये, पण आमच्याकडे तालुक्यातालुक्यात मास्तर लोक हे करतात आणि सगळ्यांना माहीत असतं. आमच्या मुख्याध्यापकांना माहीत होतं, संस्थेच्या सचिवांना माहीत होतं. लेकरांना माहीत नव्हतं. आपलं वाक्य छापलेलं बघायची मला भूक आहे, बाकी त्यात काही नाही. शनिवारी मी लेकरांना विचारायला लावायचो, हे कोण सांगतंय? आणि काही वेळा ते सांगणारा समोर खडू घेऊन उभा असायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गंमत वाटायची, खरं तर.

आणखी एक सांगायला हवं. शाळेत खिचडी झाली की मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकानं ती खाऊन बघायची असते आणि वहीत लिहायचं असतं — चव घेतली, आहार चांगला आहे — आणि सही. ते काम माझ्याकडे होतं. पहिले काही महिने मी इमानेइतबारे चव घेतली. मग सहीच करायला लागलो. कधी आठवड्याच्या सह्या एकदम. कोण बघतं?

मग एका सोमवारी दुपारच्या सुट्टीनंतर तासाभरात पाचवी-सहावीची लेकरं पोट धरून बसायला लागली. एकाला उलटी झाली, मग दुसऱ्याला, मग रांगच लागली. वीस-बावीस लेकरं. ऑटो बोलावले, सरकारी दवाखान्यात नेली, आईबाप धावत आले. संध्याकाळपर्यंत सगळी घरी गेली. कुणाला काही झालं नाही, हे आधी सांगतो. पण त्या दोन तासांत मी जे बघितलं ते बघितलं. आमचा शिपाई शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढला, झाकण बाजूला सारलं आणि काठीनं काहीतरी ओढून बाहेर काढलं. कबूतर होतं. फुगलेलं. झाकण कधीचं फुटलं होतं, ते बदला म्हणून अर्जही गेला होता. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. शिपायानं ते पोत्यात घालून मागच्या बाजूला पुरलं.

सकाळी काय झालं होतं ते अजून सांगितलं नाही. सांगतो. सांगायचंच आहे — थोडं थांबा.

चार वाजता सचिवसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांनी मला दम दिला असता तर आज मला किती सोपं गेलं असतं! नाही दिला. खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "सर, नांदेडचे पत्रकार यायच्या आत आपलीच बातमी गेली पाहिजे. तुम्ही चांगलं लिहिता." बस्स. काय लिहायचं तेही सांगितलं नाही त्यांनी. मला कळलं होतं. चहा संपायच्या आत फोनवर मजकूर तयार होता.

'स्वयंपाकी महिलेच्या निष्काळजीपणामुळे विद्यार्थ्यांना मळमळ. संस्थेच्या तत्परतेने अनर्थ टळला.' मथळा माझाच. खाली लिहिलं की अस्वच्छ भांडी आणि न धुतलेल्या तांदळामुळे हा प्रकार घडल्याचे समजते. समजते! काय शब्द आहे बघा. कुणाला समजलं, कुणी समजावलं, काही सांगावं लागत नाही. टाकीचा उल्लेख नाही. चव घेणाऱ्या शिक्षकाचा तर नाहीच नाही. सचिवांनी वाचलं आणि एकच दुरुस्ती केली, संस्थेच्या आधी 'नामांकित' घातलं.

मंगळवारी सकाळी बातमी छापून आली. बुधवारी अक्कांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. चौकशी झाली नाही — कशाला होईल? पेपरातच तर आलं होतं. लोक त्यांच्या दारावरून जाताना काय काय बोलले ते मी ऐकलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं. एका बाईनं म्हणे त्यांच्या अंगणात येऊन हात नाचवले, आमच्या लेकराच्या जिवावर उठली म्हणून. अक्का काही बोलल्या नाहीत असं ऐकलं. त्या कधीच फार बोलायच्या नाहीत.

आता शनिवार.

मला वाटलं होतं, वैष्णवी येणार नाही. आली. वेण्या नीट घातलेल्या, वही छातीशी धरलेली. मी इतरांना आधी उठवलं. एकाची जाहिरात, एकीचा मेसेज. तिचा हात वर होताच. किती वेळ न बघितल्यासारखं करणार? शेवटी म्हटलं, बोल.

तिनं माझीच बातमी कापून आणली होती. वहीत चिकटवली होती, कडा अगदी सरळ कापलेल्या. आणि खाली चार प्रश्न. हे कोण सांगतंय — नाव नाही, फक्त वार्ताहर. फायदा कुणाचा — शाळेच्या संस्थेचा. कुणाला विचारलंच नाही — आईला. आम्हाला काय वाटावं असं त्याला वाटतंय — आईचा राग यावा. एकेक प्रश्न नीट वाचत होती. मला आजवर इतकं नेमकं उत्तर कुणी दिलेलं नाही. शिक्षण परिषदेतल्या मास्तरांनीही नाही. मग वही मिटून ती म्हणाली, "पण सर, अजून एक हाय. आईनं सकाळीच एका सरांना सांगितलं होतं, पाण्याला वास यायलाय म्हणून. हे बातमीत न्हाई."

एका मुलानं विचारलं, "कोणत्या सरांना?" ती म्हणाली, "नाव न्हाई सांगितलं आईनं. कशाला सरांचं नाव घ्यायचं म्हणती."

ते सर म्हणजे मी.

त्या सोमवारी सकाळचे अकरा वाजले असतील. मी शिक्षक खोलीत एकटा बसून फोनवर बाजार समितीची बातमी लिहीत होतो. अक्का दारात आल्या. पदर खोचलेला, हाताला तांदळाचं पाणी. "सर, टाकीच्या पाण्याला वास यायलाय जी. कुनाला तरी बघायला लावा की." मी फोनमधून मान वर काढली नाही. म्हणालो, "बघू." त्या तिथंच उभ्या. "मग चूल मांडू का नको?" आणि मी म्हणालो, "मांडा, मांडा. एक वाजला की लेकरं बोंबलतील." त्या गेल्या. मी बातमी पूर्ण केली. मग वहीत सही केली — चव घेतली, आहार चांगला आहे.

अक्कांनी माझं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी लेकीलासुद्धा नाही. काम गेलं, अब्रू गेली, अंगणात येऊन लोक बोलून गेले, तरी नाही. आणि ती लेक माझ्यासमोर उभी होती, माझ्याकडे बघत होती. मी काय करायला हवं होतं ते तुम्ही सांगायची गरज नाही. एक वाक्य होतं. 'ते सर मी होतो.' चार शब्द. चाळीस लेकरांसमोर. ते म्हणालो असतो तर त्या चाळीस जणांना जन्मभर पुरेल एवढं शिकवून झालं असतं. माझं तोंड उघडलं होतं, मला आठवतं. खडू बोटात फिरत होता.

आणि बाहेर काय पडलं?

मी शांतपणे, अगदी मायेनं म्हणालो, "वैष्णवी, ती तुझी आई आहे ना?" ती म्हणाली, "हाव." मी म्हणालो, "मग तुला आईची बाजू खरी वाटणारच. त्यात तुझा दोष नाही. पण आपल्या माणसाचं आहे म्हणून खरं मानणं — मुलांनो, यालाच पक्षपात म्हणतात." आणि मी वळलो आणि फळ्यावर लिहिलं. 'पक्षपात : आपल्या माणसाचे म्हणणे पुराव्याशिवाय खरे मानणे.' उदाहरण काय म्हणून एकानं विचारलं, तर मी म्हणालो, आत्ताच ऐकलं ते. "आईनं सांगितलं म्हणजे पुरावा होत नाही. छापून आलं म्हणजे कुणीतरी चौकशी केलेली असणार ना?" मी म्हणालो हे. मीच.

व्याख्या काही चुकीची नव्हती. ती मी आधीही दिली होती, कोचिंगच्या जाहिरातीला, पुराच्या व्हिडिओला. चांगली व्याख्या आहे. त्या दिवशी ती मी एका बारा वर्षांच्या पोरीवर चालवली, कारण तिला माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं. बायकोला हे सांगता येत नाही. अक्कांचं कामावरून जाणं एक वेळ सांगता येईल. हे नाही येत.

लेकरांनी व्याख्या उतरवून घेतली. वैष्णवीनंही घेतली. मी बाकांमधून फिरताना बघितलं, कात्रणाच्या शेजारच्या पानावर, लाल शाईनं अधोरेखित करून. डोळ्यांत पाणी असतं तर बरं झालं असतं. ती विचार करत होती. ओठ थोडे हलत होते, नवीन काही शिकल्यावर हलायचे तसे. मी जे सांगितलं ते ती समजून घेत होती! मी तिच्या बाकापाशी थांबलोही. तेव्हाही सांगता आलं असतं. घंटा झाली आणि मुलं दप्तरं घेऊन पळाली.

त्यानंतर तिचा हात वर आला नाही. तास चालू राहिले, इतर लेकरं कात्रणं आणत राहिली, मी फळ्यावर चार प्रश्न लिहीत राहिलो. तिच्याकडे बघून एक-दोनदा विचारलंही, "काय वैष्णवी, आज पण-सर नाही?" ती हसली आणि मान हलवली. वर्ष संपलं. आठवीला तिचा दाखला काढायला अक्का आल्या होत्या. लातूरला चाललो म्हणाल्या, तिथं दाळ मिलमध्ये काम मिळतंय, ओळखीची बाई आहे. मी दाखल्याच्या कागदावर वर्गशिक्षक म्हणून सही केली. वर्तणूक चांगली, अभ्यास चांगला. त्या मला नमस्कार करून गेल्या.

आणि मी? मला तालुक्याचा उपक्रमशील शिक्षक म्हणून गौरवलं. मी बातम्या द्यायचं बंद केलं का? नाही. बंद करायचं ठरवलं होतं, दोन महिने दिल्याही नाहीत. मग एकदा एका हरिनाम सप्ताहाची बातमी दिली आणि पुन्हा सुरू झालं. टाकीला नवीन झाकण बसलं. मी खिचडीची चव घेतो आता, रोज घेतो. ते कुणाला दाखवायला, मला माहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात लातूरला शिक्षकांची एक कार्यशाळा होती. विषय — मुलांना अपप्रचार ओळखायला कसं शिकवावं. वक्ता मी. चांगलं बोललो. दुपारी संपलं, देगलूरकडे जाणाऱ्या गाडीला वेळ होता, म्हणून बाजाराच्या बाजूला पाय मोकळे करत होतो. मागून हाक आली, "सर! ओ सर!" वळून बघतो तर अक्का. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवयांवर दाळीची पांढरी धूळ. हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी मला भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. मला पाय मागे घ्यायलाही सुचलं नाही. घर हे काय इथंच हाय, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई, वैष्णवीला लई बरं वाटंल. मी नाही म्हणालो. पुन्हा नाही म्हणालो. आणि त्यांच्यामागे चालायला लागलो. का गेलो? सांगायला गेलो असेन, असं स्वतःला म्हणतो कधी कधी. तसं काही नव्हतं.

एकच खोली, पत्र्याची, पण लख्ख. वैष्णवी दहावीला, उंच झालेली. मला बघून पटकन उठली, पुस्तकं आवरली. चहाला तीच उठली, अक्का दाराशी बसून राहिल्या. घरात पाहुणा आला आणि बाई चुलीपाशी जात नाही, हे आमच्याकडे डोळ्यात भरतंच. माझ्या नजरेत त्यांना ते दिसलं असावं. म्हणाल्या, "मी न्हाई करत सर आता दुसऱ्यांसाठी. कुनालाच न्हाई देत. हिला करते तेवढं. भ्या वाटतं."

मी म्हणालो, जुनं झालं ते अक्का.

"जुनं कसलं सर. चूल तर मीच पेटवली ना. बावीस लेकरं व्हती." त्या हाताच्या नखांतली धूळ काढत बोलत होत्या, कुणावर राग असल्यासारखं नाही, एखादं दुखणं सांगावं तसं. मग थोड्या सरकून जवळ बसल्या, आवाज बारीक केला. "सर, एक इचारू का? मनात लई दिवसांचं हाय. त्या दिवशी मी तुमच्यापाशी आलते ना? पाण्याला वास यायलाय म्हनून सांगायला? तुमी खुर्चीवर बसलेले, मी दारात. का मला नुसतंच तसं वाटायलंय? हिला मागनं तुमचं नाव सांगितलं, तर ही म्हनती, आई, तुला भास होतोय. ते आपले सर असते तर वर्गात बोलले असते, सर न्हाई लपवायचे. आधी माझं पक्कं व्हतं. आता मलाबी कळंना झालंय. तुमाला काय आठवायलंय का?"

स्टोव्हपाशी वैष्णवी चहा गाळत होती. ती थांबली. दोघी माझ्याकडे बघत होत्या. अक्कांना ना काम परत हवं होतं, ना त्या कुणाला शिक्षा मागत होत्या. आपलं डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

मी म्हणालो, "नाही हो अक्का. तसं काही आठवत नाही मला."

वैष्णवीनं कप आणून माझ्या हातात दिला. मग आईशेजारी बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू, समजूत घातल्यासारखं म्हणाली, "बघ आई. मी म्हणत होते ना."

"हाव गं," अक्का म्हणाल्या. "मग मलाच वाटलं असंल."

मला शब्द न् शब्द आठवत होता. आत्ताही आठवतोय.